तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडायची नाहीये, मग चार्जिंग कुठे करू?

कोथरूडकर:
माझी पेट्रोलची स्कूटर अकरा वर्षांची झाली. कोथरूड ते हिंजवडी, जाऊन-येऊन रोज ३४ किलोमीटर. आता इलेक्ट्रिकच घ्यायची, हे ठरलंय. जीएसटी ५ टक्के, मोटार वाहन कर माफ, केंद्राची सबसिडी असलीच तर किमतीतूनच वजा, हे सगळं शोरूममध्ये समजलं. अडलंय ते घरी.

आमची बिल्डिंग चार मजली, जुनी. पार्किंगमध्ये प्लग नाही. "आग लागली तर जबाबदार कोण?" म्हणत कमिटीने माझा अर्ज परत केला. शेजारच्या बिल्डिंगमध्ये एकाने खिडकीतून वायर खाली सोडलीय. पावसात ती ग्रिलला घासत लोंबकळते, जोडावरची चिकटपट्टी सुटलीय. खाली पोरं खेळतात. मला तसं करायचं नाही. कोणी रीतसर मार्ग काढलाय का?

नाशिकहून:
सबसिडी अजून चालू असेल तर तिचा आकडा बिलावर बघून घ्या. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत २०२५-२६मध्ये दुचाकीला बॅटरीच्या दर किलोवॉट-तास क्षमतेमागे २,५०० रुपये, जास्तीत जास्त ५,००० मिळत होते. मी २०२२मध्ये घेतली तेव्हा आधीच्या फेम-२ योजनेखाली हाच दर १५,००० होता. आधार पडताळणी झाली की ई-व्हाउचर येतं, त्याची प्रत जपून ठेवा.

माजी सेक्रेटरी, ठाणे:
ताई, घर तिसऱ्या मजल्यावर असलं तरी तुमचं मीटर बहुतेक तळमजल्यावरच असेल. तिथूनच लाइन काढा. मीटरनंतर स्वतंत्र एमसीबी (लोड वाढला की लाइन तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा), पाइपातून वायर, पार्किंगच्या भिंतीवर झाकणाचा १५ अँपिअरचा सॉकेट. अर्थिंग आधी तपासून घ्या, जुन्या बिल्डिंगमध्ये ते हमखास गंजलेलं असतं. काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच, आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट अर्जाला जोडा. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या चालू कनेक्शनवर गाडी चार्ज करता येते, हेही अर्जात लिहा. स्कूटरचा साधा चार्जर गिझरपेक्षा कमी वीज ओढतो. आमच्याकडे लोकांची भीती हे ऐकूनच कमी झाली. विजेचा खर्च तुमच्याच मीटरवर येतो म्हटल्यावर सोसायटीच्या बिलाचा वादही उरत नाही.

कोथरूडकर:
दादा, मनापासून आभार. आत्ताच खाली जाऊन आले. मीटर जिन्याखाली आहे, माझ्या पार्किंगपासून नऊ पावलांवर! इतके दिवस मी खिडकीकडेच बघत होते.

एक मात्र मनात सलतं. राज्याच्या २०२५च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, अटल सेतूवर इलेक्ट्रिक चारचाकींना टोलमाफी आहे. त्या तिन्ही रस्त्यांवर दुचाकीला प्रवेशच नाही. माझ्यासारखीला टोल नको, जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये अर्थिंगसह एक सॉकेट बसवायला मदत हवी. पाच हजारांची सबसिडी तिथे दिली असती तरी चाललं असतं.

रविवारी इलेक्ट्रिशियन येतोय. टेस्ट रिपोर्ट हातात आला की अर्ज पुन्हा देते. कमिटी काय म्हणते ते इथेच कळवीन.