मदत हवी आहे: ही परजीवी गांधीलमाशी कुठल्या प्रजातीतली (genus), डिस्टॅट्रिक्स की कोटेशिया?

नमस्कार मंडळी. कढीपत्त्यावरच्या लिंबू फुलपाखराच्या अळीतून बारीक अळ्या बाहेर पडल्या आणि तिथेच पांढरे कोश विणून बसल्या. बरणीत ठेवल्यावर त्यांतून डासाहून लहान, काळ्या गांधीलमाश्या निघाल्या (अळी बिचारी गेलीच). ब्रॅकोनिडी कुळ, मायक्रोगॅस्ट्रिनी उपकुळ इथवर गाडी आली, पुढे अडलीय. डिस्टॅट्रिक्स पॅपिलिओनिस असावी असा अंदाज. ही पूर्वी अपँटेलिस या प्रजातीत होती. १९८१ मध्ये कीटकतज्ज्ञ मेसन यांनी ती अवाढव्य प्रजाती फोडली.

कोटेशियात प्रोपोडियम, म्हणजे कमरेच्या अलीकडचा भाग, सहसा खडबडीत असतो. माझ्या नमुन्यात तो बराच गुळगुळीत दिसतोय. एवढ्यावर कोटेशिया बाद करता येईल का, की पोटाचा पहिला खंडही बघावा? नमुने अल्कोहोलमध्ये आहेत, सांगाल त्या बाजूने फोटो काढतो.