छापचित्रांतील राशी शेतीची वेळ सांगतात की शेतकऱ्याचे नशीब?

दांडिया बाजार
बडोद्यात मुद्राचित्रण शिकणाऱ्या माझ्या भाच्याने पंधराव्या-सोळाव्या शतकांतील युरोपीय छापचित्रांची छायाचित्रे दाखवली. बारा महिन्यांच्या मालिकांत छाटणी, गवतकापणी, मळणी करणारे शेतकरी असतात आणि त्यांच्याबरोबर त्या महिन्याची रासही असते. पादऱ्याकडे आमची थोडी जमीन होती तेव्हा आजोबा मृगाचे वाहन पंचांगात पाहिल्याशिवाय पेरणीचा विषय काढत नसत, म्हणून विचारतो: तिकडेही रास पाहून काम ठरत असे काय? शिवाय जुलैत सिंह रास कशी? आपल्याकडे सूर्य सिंहेत ऑगस्टच्या मध्याला जातो.

रावपुरा
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. युरोपात राशी सायन, म्हणजे वसंतसंपातापासून (वसंतात दिवस-रात्र समान होतात तेव्हाच्या सूर्याच्या स्थानापासून) मोजतात, आणि आपले पंचांग निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या आधारे मोजणारे आहे. हे अंतर आज सुमारे २४ अंश असले तरी १५०० च्या सुमारास ते १७ अंशांच्या आसपास होते. त्यातच १५८२ च्या ग्रेगरियन दिनदर्शिकेच्या सुधारणेपूर्वी त्यांची दिनदर्शिका ऋतूंच्या जवळपास १० दिवस मागे पडली होती, त्यामुळे सिंहेचा आरंभ जुलैच्या मध्यालाच होई.

जुना पंचांगवाला
पहिल्या प्रश्नाबाबत माझे मत असे, की महिन्यांच्या मालिकेतील रास ही केवळ तारीख आहे. इटलीत जुलैच्या चित्रात बहुधा मळणी दिसते आणि उत्तरेकडे गवतकापणी. रास काम ठरवत असती, तर एकाच सिंहेखाली दोन कामे आली नसती. फ्लेमिश चित्रकार ब्रूगेलच्या १५६८ च्या रेखाटनावरून कोरलेल्या 'उन्हाळा' या चित्रात तर राशीच नाहीत, तळाशी लॅटिनमध्ये जून, जुलै, ऑगस्ट ही नावे आहेत. (त्यातील पाणी पिणाऱ्या कापणीवाल्याचा पाय चौकटीबाहेर आला आहे, तो अवश्य पाहावा.)

खरे फलज्योतिष ग्रहांच्या मालिकांत आहे. बाच्चो बाल्दिनी यांची मानली जाणारी १४६० च्या दशकातील फ्लॉरेन्सची मालिका घ्या, किंवा गेओर्ग पेंट्स यांची १५३१ च्या सुमाराची. तेथे वर ग्रह रथात असतो आणि खाली त्याची 'लेकरे', म्हणजे त्याच्या प्रभावाखाली जन्मलेली माणसे. रोमन लोकांचा शनी हा मुळात शेतीचा देव, हातात विळा असलेला. म्हणून नांगरणारे त्याच्या वाट्याला आले, पण त्यांच्याबरोबर कैदी, भिकारी आणि पांगळेही आले. शेती केव्हा करावी हे तेथे कोणी सांगत नाही. ती कोणाच्या कपाळी लिहिली आहे, एवढेच सांगितले आहे, आणि हे चित्र विकत घेणारा शहरी माणूस स्वतःला बहुधा गुरू किंवा बुध यांच्या लेकरांत शोधत असावा.

दांडिया बाजार
आपला आभारी आहे. शनीचे ते चित्र भाच्याच्या संग्रहात होतेच. रथाच्या चाकांवर मकर आणि कुंभ पाहून मी ते डिसेंबर-जानेवारीचे समजलो होतो, आणि एवढ्या थंडीत हे लोक नांगरतात कशाला, असे त्याला दोनदा विचारलेही होते.