रात्री काम फारसे नसतानाही डोके का थकते?

प्रश्न : रेघोटी
मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत डिझाइनचे काम करते. आमचा ग्राहक अमेरिकेत असल्यामुळे तिकडचे कार्यालय उघडते तेव्हा इकडे संध्याकाळ उलटलेली असते. रात्री प्रत्यक्ष काम क्वचितच पडते. एखादा संदेश येतो आणि त्याला दोन ओळींचे उत्तर द्यावे लागते. तरीही जेवताना, मुलाचा अभ्यास घेताना लक्ष फोनकडेच असते आणि सकाळी नवा आराखडा करायला बसले की जुन्याच कल्पना सुचतात. हा थकवा नेमका कशाचा असावा?

प्रतिसाद : अनवट
माझ्या मते हा थकवा कामाचा नसून वाट पाहण्याचा आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने झोनेनटाग यांनी वर्षानुवर्षे हाच विषय अभ्यासला असून, कामाच्या जागेपासून दूर जाणे पुरेसे नसते, मनानेही कामातून बाहेर पडल्याशिवाय दिवसभरात खर्च झालेली शक्ती नीट भरून येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की काम अर्धवट सोडून दुसरे हाती घेतले, तर लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. तुमचे दोन ओळींचे उत्तर दोन मिनिटांत संपत असले, तरी त्यामागचा प्रश्न बराच वेळ डोक्यात घोळत राहत असणार.

कल्पनांचे नुकसान मला अधिक गंभीर वाटते. अडलेला प्रश्न काही काळ बाजूला ठेवल्यावर त्याचे उत्तर अनेकदा अधिक सहज सापडते, हे बऱ्याच प्रयोगांत दिसले आहे. मात्र माझ्या मते त्या मधल्या वेळात मन मोकळे भटकू शकले पाहिजे. भाजी निवडताना ते भटकते, संदेशाची चाहूल घेत बसल्यावर भटकत नाही.

प्रतिसाद : दुसरी पाळी
हा प्रश्न एकट्याच्या निग्रहाने सुटणार नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर फोन-संदेशांपासून दूर राहण्याच्या हक्काबाबत कर्मचारी प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात, आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काला, नकार अवाजवी नसेल तर, उत्तर न देण्याचा हक्क कायद्याने मिळाला आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत असे खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही.

प्रतिसाद : मोकळी खिडकी
कायदा होईपर्यंत गटप्रमुखांशी बोलून रात्रीची पाळी लावून घ्या. एका रात्री एकाच व्यक्तीने संदेश पाहावेत आणि बाकीच्यांनी ते पाहू नयेत, हे ग्राहकालाही लेखी कळवावे. खरोखर तातडीचे असेल तर पाळीवरच्या व्यक्तीला फोन करावा, म्हणजे इतरांना अधूनमधून पडदा तपासावा लागत नाही. गटप्रमुखांनी स्वतः रात्री सर्वांच्या गटावर लिहिणे थांबवले नाही, तर मात्र ही व्यवस्था आठवडाभरही टिकणार नाही, म्हणून ती अट सुरुवातीलाच ठरवून घ्या.