उझबेकिस्तान कमी पैशात फिरलेले कोण कोण आहेत? अनुभव लिहा

मोहर
काल ११ जानेवारी. शास्त्रीजींच्या पुण्यतिथीची बातमी लागली होती आणि मागे ताश्कंदची दोन-चार दृश्यं. झालं, ताटावर हात वाळले तरी आम्ही दोघं तिथल्या रेल्वेबद्दलच बोलतोय.

ताश्कंदहून खिव्याला आम्ही रात्रीच्या गाडीने गेलो होतो, सगळ्यात स्वस्त वर्गाने. प्लात्सकार्त म्हणतात त्याला. सोव्हिएत काळापासूनची रचना: एका डब्यात ५४ बर्थ, कप्प्यांना दारं नाहीत, टोकाला उकळत्या पाण्याचा बंब. रशियन वळणाची माणसं असतील, कोणी हसणार-बोलणार नाही, गपचूप झोपायचं असं ठरवूनच चढलो. गाडी सुटते न सुटते तोच समोरच्या बाईंनी टेबलावर फडकं अंथरलं. जाड गोल रोटी (नोन), टोमॅटो, उकडलेली अंडी, खरबुजाच्या फोडी. आणि आम्हाला वरच्या बर्थवरून खाली यायचा हुकूम! नाही म्हणायची सोयच नाही.

मग कोणीतरी 'हिंदिस्तोन?' असं विचारलं. आम्ही मान डोलावली तर पलीकडच्या कप्प्यांतूनही लोक येऊन बसले. एका आजोबांनी छातीवर हात ठेवून राज कपूरचं अख्खं गाणं म्हटलं. शब्द सगळे बरोबर, अर्थ एकाचाही माहीत नाही. बाहेर किझिलकुमचं वाळवंट, आत ही मैफल.

चहाची एक गंमत. पहिली वाटी भरून परत किटलीत ओततात, असं तीनदा. मग आपल्याला देतात ती जेमतेम अर्धी. नवरा माझ्याकडे बघून 'कंजूष दिसतात' असे डोळे करत होता. एका कॉलेजच्या मुलाने समजावलं की अर्धी देतात म्हणजे परत परत वाढता येतं. काठोकाठ भरून दिली तर समजायचं, आता निघा!

निळे घुमट बघायला गेले होते, ते बघितलेच. पण इतकं आपलेपण मिळेल असं ध्यानीमनी नव्हतं. तुम्हाला काय अनपेक्षित वाटलं? टूर कंपनीबरोबर गेलेल्यांनीही लिहा, पण हॉस्टेल, शेअर टॅक्सी आणि स्टेशनवर रात्र काढलेल्यांना प्राधान्य.

कुंपणावरचा
प्लात्सकार्तमध्ये उंच माणसाने वरचा बर्थ घेऊ नये. पाय पॅसेजमध्ये लटकतात आणि चहाचं पाणी आणायला जाणारा प्रत्येक जण त्यांना धडकतो. माझेच पाय, म्हणून अधिकाराने सांगतोय.

रेवा
ताश्कंदची मेट्रो!! १९७७ ची, मध्य आशियातली पहिली. मी गेले तेव्हा तिकीट आपल्या दहा-पंधरा रुपयांत होतं. मी एक अख्खी दुपार खालीच काढली. वर चाळीसच्या पुढे तापमान, खाली गार संगमरवर आणि झुंबरं. कोस्मोनावत्लार नावाचं स्टेशन आहे, भिंतींवर अंतराळवीरांची चित्रं, गागारिन, तेरेश्कोवा. आणि त्यांच्यात पंधराव्या शतकातला खगोलशास्त्रज्ञ उलुगबेग. २०१८ पर्यंत फोटोला बंदी होती कारण ही स्टेशनं अणुहल्ल्यात आसरा म्हणूनही बांधली होती. मी घाबरत घाबरत मोबाईल काढला तर पोलीसच म्हणाला, इकडून काढा, इकडून चांगला येतो.

साधीभाजी
मिनार वगैरे सगळं नंतर. शाकाहारी माणसाने काय खाल्लं ते लिहा.

मोहर
साधीभाजी, हाहा. भोपळ्याचा सोम्सा मिळतो, तंदूरच्या आतल्या भिंतीला चिकटवून भाजलेला. 'कोवोक' असं विचारायचं. नोन आणि दही सगळीकडे. टोमॅटो-कांद्याची पातळ कापलेली कोशिंबीर, अचिचुक. पण पुलावाच्या वाटेला जाऊ नकोस. 'मांसाशिवाय द्या' म्हटलं तर वरचे तुकडे उचलून बाजूला ठेवतात आणि प्रेमाने वाढतात. भात शिजलेला असतो मेंढीच्या शेपटीच्या चरबीत.

कुंपणावरचा
ती चरबीच तर मजा आहे.

साधीभाजी
कुंपणावरचा, तुम्ही तुमचे पाय सांभाळा.

भटकभवानी
खिव्यात शिवित ओशी मिळतं, शेपूच्या रसात मळलेल्या हिरव्यागार शेवया. वर मटणाचा रस्सा घालतात, तो नको म्हणायचं, नुसतं दह्याबरोबर द्या म्हणायचं. मी शेपूच्या नावाने नाक मुरडणारी, दोनदा मागून खाल्लं. बाकी बुखाऱ्याबद्दल रात्री लिहिते, कुकर लावलाय.

जुना विद्यार्थी
मी ऐंशीच्या दशकात ताश्कंदला शिकायला होतो, शिष्यवृत्तीवर, त्यामुळे 'कमी पैशात' मध्ये बसतो असं धरून चाला. तेव्हा राज कपूर वडीलधाऱ्यांचा आणि मिथुन तरुणांचा. माझा रूममेट मिथुनसारखे केस राखायचा आणि मला रोज त्याच्या नाचाची एकेक स्टेप दाखवायला लावायचा. मला गणपतीच्या मिरवणुकीपलीकडे काही येत नव्हतं. तेच शिकवलं. वसतिगृहात वर्षभर तोच नाच चालू होता!

एक गोष्ट कोणी सांगत नाही. शरद ऋतू आला की विद्यापीठ ओस पडायचं. सगळी मुलंमुली कापूस वेचायला शेतांवर, प्राध्यापकसुद्धा. आम्ही परदेशी म्हणून सुटायचो आणि रिकाम्या वसतिगृहात भुतासारखे फिरायचो. मुलं परत यायची ती बोटं चिरलेली. अरल समुद्र आटला तो याच कापसासाठी नद्यांचं पाणी वळवल्यामुळे. देश स्वतंत्र झाल्यावरही ही सक्ती वर्षानुवर्षं चालू होती, म्हणून मोठमोठ्या ब्रँड्सनी तिथल्या कापसावर बहिष्कार टाकला होता. तो उठला २०२२ मध्ये. टॅक्सीत बसलात आणि ड्रायव्हर पन्नाशीच्या पुढचा असला तर विचारा, स्टेशन येईपर्यंत बोलेल.

रेवा
बाप रे काका, हे खरंच माहीत नव्हतं. वेगळा धागा काढा ना यावर.

खडूस
सगळे गोडगोड लिहितायत म्हणून मी कडू लिहितो. स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्याने यांडेक्स ॲपच्या तिप्पट भाडं सांगितलं. राज कपूर वगैरे काही कामाला आला नाही. ॲप टाका, गप्प बसा, निम्मा प्रवास सुखाचा होतो.

समरकंदचं रेगिस्तान (तीन मदरशांचा जुना चौक) भव्य आहे, मान्य. पण मदरशातल्या ज्या खोल्यांत विद्यार्थी राहायचे त्या प्रत्येक खोलीत आता शाली आणि फ्रिज मॅग्नेट. डागडुजी इतकी झालीय की जुनं काय आणि सोव्हिएत काय कळत नाही. शाख्रिसब्झ शहरात तर बागा आणि फरसबंदी करायला मधली जुनी वस्ती पाडली. युनेस्कोने २०१६ ला त्याला 'धोक्यातला वारसा' या यादीत टाकलं ते उगाच नाही. आणि रेगिस्तानच्या आत परदेशी माणसाला तिकीटही वेगळं.

कुंपणावरचा
रेगिस्तानला तिकिटाची गरजच काय? समोर कठड्यासारखा मोकळा चौथरा आहे, तिथून तिन्ही मदरसे फुकट दिसतात. संध्याकाळी दिवे लागले की अख्खं गाव तिथे. मी दोन्ही संध्याकाळी नोन आणि द्राक्षं घेऊन तिथेच जेवलो. आत शेर-दोर मदरशाच्या कमानीवरचे वाघ मात्र जवळून बघण्यासारखे, पाठीवर माणसाच्या तोंडाचा सूर्य.

खडूस
चौथऱ्याचं मान्य. फुकट गोष्टींना मी कधी नावं ठेवत नाही.

इतिहासवेडा
मला धक्का बसला तैमूरचा. १३९८ ची दिल्ली ज्याने कापून काढली तो, आणि त्याच्या पुतळ्यापुढे नवरानवरी नटून फोटो काढतायत. ताश्कंदच्या त्या चौकात पूर्वी कार्ल मार्क्स होता म्हणे, तो काढून घोड्यावरचा तैमूर बसवला. हॉस्टेलच्या मालकाला मी विचारलंच. तो म्हणाला, आम्हालाही आधी सत्तर वर्षं तो वाईट म्हणूनच शिकवला होता. मग काय बोलणार.

शाळेतली
मला तैमूरपेक्षा नातू आवडला, उलुगबेग. रेवाने लिहिलाय तो मेट्रोतला. समरकंदला त्याच्या वेधशाळेतलं यंत्र जमिनीखाली जेवढं होतं तेवढंच शिल्लक आहे, दगडी कमान खोल उतरत जाते. दुर्बीण यायच्या आधी हजाराहून जास्त ताऱ्यांची स्थानं नोंदवली त्या लोकांनी. सवाई जयसिंगाने आपल्या वेधशाळा बांधताना त्याच्याच सारण्या अभ्यासल्या होत्या. आणि एवढ्या माणसाला १४४९ मध्ये पोटच्या मुलाने मारवलं, वेधशाळा पाडली गेली, १९०८ पर्यंत जागासुद्धा कोणाला माहीत नव्हती. मी तिथे उभी राहून रडले होते. नवरा म्हणे, ऊन लागलंय तुला.

सोनटक्का
मला आठवतात सोन्याचे दात! बाजारातल्या आजी हसल्या की चकाकी. आता नव्या पिढीत फॅशन गेली म्हणतात.
आणि नोटा. ५० डॉलर बदलले की सहा लाखांच्या आसपास सोम (तिथलं चलन) हातात. आयुष्यात लखपती व्हायची तेवढी एकच संधी. २०१७ च्या आधी गेलेले तर पिशवी घेऊन जायचे, बँकेचा भाव वेगळा आणि बाजारातला दुप्पट.

भटकभवानी
आले. बुखारा.
मी एकटी गेले होते, घरी सगळ्यांचा विरोध. जुन्या ज्यू मोहल्ल्यात एका घराची खोली घेतली, अंगण, तुतीचं झाड. सकाळचा नाश्ता बघून मला वाटलं पाहुणे येणार आहेत. अक्रोड, मनुका, जर्दाळूच्या भाजलेल्या बिया, तीन प्रकारचे मुरंबे, अंडी, साय. सगळं मला एकटीला! दुपारचं जेवण रोज वाचलं, हा बजेट प्रवासाचा खरा फायदा.

घरच्या खालांना (मावशींना) इंग्रजी येत नव्हतं, मला उझबेक नाही. रात्री मी परत येईपर्यंत त्या दारात खुर्ची टाकून बसायच्या. दहा वाजले तर घड्याळ दाखवायच्या. आईच्या धाकातून सुटून इतक्या लांब गेले आणि काय उपयोग.

लाब-इ-हौजचं पाणी छान दिसतं, पण पूर्वी बुखाऱ्यात असे खूप हौद होते आणि त्यातूनच नारूची (पाण्यातून शरीरात जाणाऱ्या कृमीची) साथ पसरायची. सोव्हिएत काळात बहुतेक बुजवून टाकले. आपल्या आजी नारूच्या गोष्टी सांगायच्या ना, तोच. मला तिथे बसून ते आठवलं आणि पुढचा चहा काही गोड लागेना.

मोहर
खाला, खुर्ची आणि घड्याळ! प्रत्येक देशात त्या एकच बाई पाठवतात वाटतं.

साधीभाजी
भटकभवानी, मुरंबे कसले होते?

भटकभवानी
चेरी, अंजीर आणि तिसरा बहुतेक गुलाबाच्या पाकळ्यांचा.

इतिहासवेडा
खरबुजांवर कोणी फार बोललंच नाही. बाबर अंदिजानचा, १४८३ चा जन्म. हिंदुस्तान जिंकून बसला तरी आठवणींत तक्रार काय, तर इथे चांगली खरबुजं नाहीत. शाळेत वाचलं तेव्हा हसलो होतो. चोर्सू बाजारात एक फोड खाल्ली आणि त्याच्याबद्दलचं माझं मत एवढ्या एका मुद्द्यावर बदललं.

खडूस
या एका मुद्द्यावर मीही बाबराच्या बाजूने.

रेवा
मला मार्चमध्ये परत जायचंय, मैत्रिणींना घेऊन. थंडी किती असते? अफ्रोसियोबची (ती वेगवान गाडी) तिकिटं किती आधी काढू?

कुंपणावरचा
विक्री उघडल्या उघडल्या काढ, ती गाडी लवकर भरते. ताश्कंद-समरकंद दोन तासांच्या थोडं वर. नाहीच मिळालं तर शार्क नावाची साधी गाडी घे, हळू आहे पण स्वस्त. सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागेल.

जुना विद्यार्थी
२१ मार्चला नवरूज असतो, तो धरूनच जा. गल्लीगल्लीत मोठ्या कढईत सुमालाक शिजतं, अंकुरलेल्या गव्हाचं, रात्रभर बायका गात गात ढवळतात. तळाला लागू नये म्हणून आत धुतलेले छोटे दगड टाकतात. साधीभाजी, मांस नसतं त्यात, तुम्हीही निघा.

साधीभाजी
दगड??

जुना विद्यार्थी
वाटीत आला तर इच्छा मागायची. फक्त आधी चावून बघायचं नाही.