पंधरा हजारांत घरी गाणं ऐकायचंय? मग साउंडबार सोडून काहीही घ्या

तिसरी घंटा (धागाकर्ता)

बाबांसाठी स्पीकर शोधतोय. दहा बाय बाराचा हॉल, बजेट १५ हजार. ऐकणारे बाबा सत्तरी ओलांडलेले; सकाळी शास्त्रीय, दुपारी जेवणानंतर नाट्यसंगीत. चार दुकानं फिरलो आणि चारही ठिकाणी साउंडबारच (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) पुढे सरकवला. "साहेब, सबवूफर बघा, घर हादरेल!" अहो, घर कशाला हादरवायचंय? बाबांना तानपुरा ऐकू आला पाहिजे.

खोक्यावरच्या आकड्यांना मी एकदा फसलोय. दहा वर्षांपूर्वी एक होम थिएटर घेतलं होतं, खोक्यावर ६००० वॅट पीएमपीओ (क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा) असं ठळक छापलेलं. घरी आणल्यावर मागचं स्टिकर वाचलं तर वीजवापर ६० वॅट! भिंतीतल्या साध्या ६ अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला १३८० वॅटच मिळतात, मग हे ६००० आणणार कुठून? तेव्हापासून आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी ताकद, किती तेवढंच विचारतो. दुकानदाराने विषय बदलला की मीही दुकान बदलतो.

स्वस्त बारमध्ये दोन-अडीच इंची स्पीकर असतात. त्यांना न झेपणारं सगळं सबवूफरकडे, म्हणजे खर्जाच्या वेगळ्या डब्याकडे, ढकललेलं असतं. दुकानात तबला लावून बघा: चाट टीव्हीखालून येते आणि डग्गा सोफ्यामागे बसल्यासारखा घुमतो. तबलजी एकच असतो हो!

माझं मत, अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) आतच असलेली बुकशेल्फ स्पीकरची, म्हणजे फळीवर मावतील अशा छोट्या स्पीकरची, जोडी घ्यावी. एडिफायरचा आर१२८०टी बघा: खर्जासाठी ४ इंची वूफर, वरच्या सुरांसाठी रेशमी डोमचा ट्वीटर, दोन्ही मिळून ४२ वॅट आरएमएस. ब्लूटूथ हवं असेल तर त्याचाच भाऊ आर१२८०डीबी. बोला.

चाळीतला चौथा मजला

साफ असहमत. आमचाही हॉल दहा बाय बाराच आहे. त्यात दिवाण, शोकेस, देव्हारा, लेकीचं अभ्यासाचं टेबल आणि पाहुणे आले की गादी. तुमची जोडी काय डोक्यावर घेऊन बसू? बार टीव्हीखाली गुपचूप पडून राहतो. एचडीएमआय एआरसीची (टीव्हीचा आवाज बाहेर नेणारी) एक वायर लावली की टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. आमच्या आईच्या हातात दुसरा रिमोट दिला की तो आठवड्याभरात सोफ्याच्या फटीत जातो. डग्गा मागून आला तरी चालेल, पण मालिकेतले संवाद कळतात. आधी ते कळत नव्हते म्हणून आवाज २८ वर असायचा.

सोल्डरगन

दोघंही पैसे वाया घालवताय. पुण्यात असाल तर तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. टीपीए३११६ चिपचा छोटा क्लास डी (कमी वीज खाणारा) अ‍ॅम्प घ्यायचा आणि कुणाच्या तरी माळ्यावर पडलेली जुन्या म्युझिक सिस्टीमची स्पीकरजोडी मिळवायची. सगळं मिळून पाच हजारांच्या आत.

फक्त दोन गोष्टी बघा. अ‍ॅम्पबरोबर १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर गळ्यात मारतात. त्यावर ८ ओमच्या स्पीकरला चॅनलमागे जेमतेम ९ वॅट मिळतात, २४ व्होल्टचा लावला तर पस्तीसच्या आसपास. 'अ‍ॅम्पमध्ये दम नाही' म्हणून रडणारे निम्मे लोक अ‍ॅडॉप्टरचेच बळी. दुसरं म्हणजे जाळी काढून स्पीकरच्या शंकूभोवतीची कड हलकेच दाबा. फोमची असेल तर आपल्या दमट हवेत तिचा भुगा होतो. बोटाला काळं चिकट लागलं तर भाव पाडा. कड बदलून मिळते.

मुंबई ब

एक मुद्दा सगळेच विसरताय. नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या मोनो आहेत. ७८च्या रेकॉर्डवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, आणि डावं-उजवं हा प्रकारच नाही. मग दोन स्पीकर कशाला? खुर्चीजवळ एकच चांगला द्या. आमच्या घरी कारवाँ (जुनी गाणी आतच भरलेला रेडिओसारखा स्पीकर) आहे, बटण फिरवलं की गाणं सुरू. वडील स्वतःहून लावतात. घरातल्या बाकी यंत्रांसाठी त्यांना नातू लागतो.

शून्य डेसिबल

ब्लूटूथवर शास्त्रीय ऐकणं म्हणजे पातळ केलेलं दूध. निदान एलडॅक (ब्लूटूथवरून जास्त तपशील पाठवणारी पद्धत) तरी हवं, ९९० केबीपीएस. आणि वेगळा डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा), बऱ्यापैकी केबल...

सोल्डरगन

@शून्य डेसिबल, बाबा सत्तरीचे आहेत. वयाबरोबर वरच्या पट्टीतलं आधी ऐकू येईनासं होतं. केबलच्या पैशांत कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन आणा, जास्त फरक पडेल.

खालच्या मजल्यावरची

काहीही घ्या, पण सबवूफर जमिनीवर ठेवू नका. तुमचं गाणं आमच्याकडे फक्त धप्-धप् एवढंच पोचतं.

तिसरी घंटा

सगळ्यांचे आभार. शेवटी ब्लूटूथवाली जोडी आणली. पहिल्या दिवशी शोकेसमध्ये ठेवली आणि वाटलं, गेले पैसे! काच थरथरतेय, पखवाज पिंपात वाजतोय. मग रविवारी दोन्ही स्पीकर बाहेर काढून स्टुलांवर ठेवले, माणूस बसल्यावर ट्वीटर त्याच्या कानाच्या उंचीला येईल असे. कोपऱ्यापासून दोन फूट आणि मागच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढले. आपल्या एवढ्याशा खोल्यांत ५० हर्ट्झच्या आसपासचा घुमारा भिंतींमध्येच अडकतो आणि स्पीकर कोपऱ्यात असला की फारच माजतो. हलवल्यावर तोच पखवाज सुटा वाजू लागला, आणि मागे चाललेला तानपुरा बाबांना पहिल्यांदा वेगळा ऐकू आला. "जवारी लागलीय बघ," म्हणाले, म्हणजे तारेचा तो गुंजारव. खर्च शून्य. दुकानात हे कुणी सांगत नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही.

@चाळीतला चौथा मजला, स्टुलं ठेवायला जागाच नसेल तर बार घ्या, यावर आता भांडत नाही. नुसतं गाणं ऐकायचं असेल तर मात्र घेऊ नका, हे अजूनही म्हणेन.

@मुंबई ब, तुम्हाला दंडवत. काल ऑफिसातून आलो तर बाबांनी मुख्य (अ‍ॅम्पवाला) स्पीकर उचलून आरामखुर्चीशेजारी नेलेला आणि दुसऱ्याची वायर काढून टाकलेली. "एकच पुरतो." स्टिरिओ गाण्यातली एक बाजू गायब होऊ नये म्हणून फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन मोनो ऑडिओ चालू करून दिला. दुसऱ्या स्पीकरवर आईने मनीप्लांट ठेवलाय.

सोल्डरगन

तो मनीप्लांटवाला विकणार का? कुंडीसकट घेतो.