एकच लॅन पोर्ट असलेल्या पीसीवर फायरवॉल: यूएसबी अ‍ॅडॉप्टर की व्हीलॅन?

सातपूरकर
सातपूर एमआयडीसीत छोटं युनिट आहे. पाच कॉम्प्युटर, एक टॅलीचा सर्व्हर, फायबरची लाइन २०० एमबीपीएस. एक लहान पीसी मोकळा आहे: आय५, ८ जीबी रॅम, १२८ जीबी एसएसडी, इंटेलचा एकच गिगाबिट पोर्ट, आत कार्डाला जागा नाही. त्यावर ओपीएनसेन्स (मोफत फायरवॉल सॉफ्टवेअर) टाकायचं आहे. फायरवॉलला इंटरनेटकडे एक आणि ऑफिसकडे एक असे दोन पोर्ट लागतात. यूएसबीचा लॅन अ‍ॅडॉप्टर घेऊ का? स्विच साधा, आठ पोर्टचा आहे.

गोदाकाठ
यूएसबी अ‍ॅडॉप्टर नको. ओपीएनसेन्स फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं आणि तिथे यूएसबी लॅनचा भरवसा नाही. लोड वाढला की पोर्ट मध्येच सुटतो. त्यापेक्षा ८०२.१क्यू व्हीलॅन (एकाच स्विचचे आणि वायरीचे वेगवेगळे नेटवर्क पाडण्याची सोय) असलेला आठ पोर्टचा स्मार्ट स्विच घ्या. साध्या स्विचवर हे जमणार नाही.

पोर्ट १ ला ओएनटी (फायबर कंपनीचा डबा), २ ला फायरवॉल, ३ ते ८ ऑफिसला. टॅग्ड म्हणजे पॅकेटवर व्हीलॅनचा नंबर लावून जाणं, अनटॅग्ड म्हणजे नंबराशिवाय. व्हीलॅन १० मध्ये पोर्ट १ अनटॅग्ड, २ टॅग्ड. व्हीलॅन २० मध्ये पोर्ट २ टॅग्ड, ३ ते ८ अनटॅग्ड. मग पीव्हीआयडी, म्हणजे नंबर नसलेलं पॅकेट त्या पोर्टवर आलं की ते कोणत्या व्हीलॅनमध्ये टाकायचं: पोर्ट १ ला १०, ३ ते ८ ला २०. हे पीव्हीआयडी बहुतेक जण विसरतात. मग फायरवॉलकडून आलेलं पॅकेट ऑफिसपर्यंत पोचतं, पण परतीचं व्हीलॅन १ मध्ये (स्विचच्या मूळ व्हीलॅनमध्ये) जातं. दिवे सगळे लुकलुकतात, आयपी मात्र एकालाही मिळत नाही.

पीसीच्या कन्सोलवर पर्याय १ घ्या, व्हीलॅनच्या प्रश्नाला हो म्हणा, मूळ पोर्ट ईएम० (इंटेलच्या पोर्टचं इथलं नाव) निवडून टॅग १० आणि २० बनवा. वॅन (इंटरनेटची बाजू) १० वर, लॅन (ऑफिसची बाजू) २० वर. नुसत्या ईएम० ला काहीच नेमू नका. पर्याय २ मधून लॅनचा पत्ता १९२.१६८.२०.१ करा, कारण ओएनटी बहुधा १९२.१६८.१.१ वरच बसलेला असतो आणि दोन्हीकडे एकच रेंज आली की राउटिंग अडतं.

सातपूरकर
एकाच वायरीतून आत-बाहेर, मग स्पीड निम्मा होईल ना?

गोदाकाठ
नाही. गिगाबिट पोर्ट फुल डुप्लेक्स असतो, येताना १००० आणि जाताना १०००. प्रत्येक पॅकेट त्याच पोर्टातून आत येऊन बाहेर जातं, त्यामुळे डाउनलोड आणि अपलोड एकाच वेळी २०० धरलं तरी प्रत्येक दिशेला ४००च भरतात. ५००-५०० च्या लाइनपर्यंत चिंता नाही. टॅलीचा सर्व्हर व्हीलॅन २० मध्येच असल्याने ती वाहतूक स्विचमध्येच राहते, फायरवॉलकडे येत नाही.

अंबड_नेटवर्क
व्हीलॅनशिवाय एकाच नेटवर्कवर पीसीला गेटवे करण्याचा सल्ला कुणी देईल. तो ऐकू नका. कुणी गेटवेत ओएनटीचा पत्ता टाकला की फायरवॉल बाजूलाच राहिला.

पोर्ट १ व्हीलॅन १ मधून जरूर काढा, नाहीतर ओएनटीकडून ऑफिसकडे उघडी वाट राहते. मात्र सेटिंग पोर्ट ८ ला लावलेल्या कॉम्प्युटरवरून करा आणि तो पोर्ट व्हीलॅन १ मधून शेवटी हलवा. काही स्विचचं सेटिंगचं पान फक्त व्हीलॅन १ मधून उघडतं आणि आपणच बाहेर अडकतो. स्विचचा पासवर्ड बदला. काही स्विचमध्ये 'सेव्ह' वेगळं दाबावं लागतं, नाहीतर वीज गेली की सगळं पुसलं जातं. ओएनटी, स्विच, पीसी तिन्ही एकाच यूपीएसवर ठेवा, आणि बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय लावा. नाहीतर सकाळी कुणीतरी बटण दाबेपर्यंत अख्खं ऑफिस बंद.