डेटाबेस नको, दुसरी ओळ नीट लिही
भावा, हवी ती स्क्रिप्ट (कॉम्प्युटरला काम सांगणारी छोटी फाइल) पटकन सापडावी म्हणून सगळ्या स्क्रिप्ट एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये भरायचं म्हणतोयस ते मला नाही पटत, फाइल बदलली आणि नोंद बदलायची राहिली की शोध चुकलाच. मी शिरोलीत एका फाउंड्रीचे कॉम्प्युटर बघतो, तिथं सगळ्या स्क्रिप्ट एकाच फोल्डरात, तो पाथमध्ये (कॉम्प्युटर कमांड जिथं शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत) टाकलेला, आणि शेबँगच्या (स्क्रिप्ट कशानं चालवायची ते सांगणाऱ्या पहिल्या ओळीच्या) खाली दुसऱ्या ओळीत साध्या मराठीत कॉमेंट, 'पॅटर्नच्या ड्रॉइंगना तारखेची नावं देते' अशी. मग ग्रेपनं (फाइलीतल्या ओळी शोधणारी कमांड) त्या ओळी काढून एफझेडएफला, म्हणजे टाइप करेल तशी यादी गाळून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, पाइप करायच्या, 'ड्रॉइंग' टाइप केलं की लगेच पुढ्यात येतंय, प्रिव्ह्यू लावला तर आख्खी स्क्रिप्ट दिसते. ग्रेप १९७३ पासनं आहे, लई भरवशाचं. फोल्डर गिटमध्ये (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) ठेव. आणि डिलीट करणाऱ्या स्क्रिप्टच्या कॉमेंटमध्ये 'पुसते' हे घालच, एंटर दाबायच्या आधी नजरेला पडलं पाहिजे.